चढणीवरच्या जुळ्या

अक्काने दोन्ही गोणपाटं बादलीत बुडवली, पाणी ठिबकत असतानाच उचलली आणि सिग्नलच्या केबिनच्या जिन्यावरून खाली उतरून इंजिनाच्या पायरीशी उभ्या असलेल्या बारक्याच्या हातात दिली. बारक्या म्हणजे फायरमन, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारा. नावाने बारक्या, पण केबिनच्या दारातून आत यायचं तर त्याला तिरकं व्हावं लागे.

"अक्का, पिळायची तरी होतीत. सगळा सदरा भिजला."

"बोगद्यात गेल्यावर वाळायला किती वेळ लागतो ते तुलाच ठाऊक. भिजू दे."

"एवढी काळजी आमच्या बायकोनंसुद्धा कधी केली नाही."

"तुला बायको आहे कुठे?"

"म्हणून तर केली नाही."

वर इंजिनाच्या खिडकीत कोपर टेकून बसलेला ड्रायव्हर हसला. हा अक्काचा धाकटा भाऊ. सगळी लाइन त्याला धाकटाच म्हणे, कारण अक्का त्याला तशी हाक मारी आणि तिचा आवाज यार्डाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचे. तो शाळेत जायच्या वयाचा असताना आई गेली, मागोमाग वडील गेले. वडिलांची केबिनमधली नोकरी अक्काला मिळाली आणि धाकटाही तिच्याच पदरात पडला. त्याचा डबा भरता भरता, त्याच्या परीक्षा होता होता अक्काचं स्वतःचं लग्न राहून गेलं. कुणी विचारलं तर ती म्हणे, "सिग्नल पडलाच नाही." लोक हसत आणि विषय तिथेच संपे.

पाणी भरून झालं. धाकट्याने शिटी दिली आणि धाव घेता यावी म्हणून अख्खी गाडी मागे मागे ढकलत यार्डाच्या पार खालच्या टोकाला नेली. अक्का जिना चढून वर आली. वरच्या स्टेशनकडून लाइन मोकळी असल्याची घंटा आलेली होती. गाडीला वाट द्यायला तिने आधी स्टेशनचा सिग्नल पाडला, मग बोगद्याच्या तोंडाशी असलेला दुसरा. खाली गाडी हलली. सपाटीवर तिने वेग घेतला, केबिनपाशी आली तेव्हा खिडकीची तावदानं थरथरू लागली, आणि बघता बघता इंजिन त्या काळ्या तोंडात शिरलं. पाठोपाठ डबे शिरले, शेवटी गार्डचा डबा. तोंडातून धुराचा एक लोळ उलटा बाहेर आला आणि दरडीला चिकटून वर चढत गेला.

मग अक्का खिडकीशी उभी राहिली. रोज राही. वरच्या स्टेशनची घंटा वाजून गाडी पलीकडे निघाल्याचं कळेपर्यंत तिला बसवत नसे.

त्या इंजिनांची कथा मोठी होती. जुन्या काळी या चढणीवर गाडीला पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं लागत. पुढच्याने ओढायचं, मागच्याने रेटायचं. दोघांचं जमलं तर ठीक, नाहीतर मधल्या डब्यांच्या साखळ्या तुटत. मग कुणा हुशार माणसाने डोकं लढवलं आणि दोन इंजिनं एकाच इंजिनात बसवली. वर एकच लांबलचक बॉयलर आणि खाली चाकांचे दोन वेगळे संच. मागचा संच बॉयलरला पक्का, पुढचा मात्र एका जाडजूड खिळीवर बसवलेला, दार बिजागरीवर फिरावं तसा. वळण आलं की पुढचा संच आधी वळे आणि मागचा त्याच्यामागून येई. एवढं लांब धूड अरुंद वळणांतून असं सुळकन निघताना पाहून पहिल्या दिवशी लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

ही नवी इंजिनं सुट्या भागांत आली, खाली सपाटीवरच्या कारखान्यात जोडली गेली आणि एकेक करून चढणीवर दाखल झाली. कागदावर त्यांच्या वर्गाला कसलीशी अक्षरं होती. लाइनीवर त्यांना सगळे जुळ्या म्हणत. त्या वेळचा सर्वांत म्हातारा ड्रायव्हर म्हणायचा, "जुळ्या कसल्या? एका घरात नांदणाऱ्या जावा आहेत. चूल एक, आणि दोघींचं कधी एका तालात चालायचं नाही." ते खरं होतं. दोन्ही संचांचे फुत्कार मिनिटभर एकत्र पडत, मग हळूहळू वेगळे होत, एकमेकांत मिसळत, पुन्हा एक होत. डोळे मिटून ऐकलं तर दोन गाड्या शेजारीशेजारी चढताहेत असं वाटे. अक्काला तो आवाज पाठ होता. बोगद्याच्या पोटातून तो येत राही तोवर तिचा जीव थाऱ्यावर असे.

जुळ्यांनी कामही तसंच केलं. दोन इंजिनांचा भार एकटी ओढी. एक ड्रायव्हर आणि एक फायरमन वाचला, साखळ्या तुटायच्या थांबल्या, कचेरीत आनंदीआनंद झाला. डबे वाढवले, पुन्हा वाढवले. फक्त एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. बोगदा जुना होता, जुन्या बुटक्या इंजिनांच्या मापाने खणलेला. जुळ्यांचं धुराडं छताला जेमतेम घासत नसे इतकंच. दोन इंजिनांचा धूर आणि वाफ एका धुराड्यातून निघे, छतावर आपटे आणि सरळ ड्रायव्हरच्या तोंडावर येई. आतली हवा अशी तापे की कातडी चरचरे. त्यात बोगद्यात बारमाही पाणी ठिबके. ओल्या रुळांवर पुढच्या संचाची चाकं जागच्या जागी फिरू लागत, आणि दोन्ही संचांना वाफ सोडणारा दांडा एकच असल्याने अंधारात ड्रायव्हरला कळत नसे की घसरतंय ते पुढचं की मागचं. ओली गोणपाटं डोक्यावरून घ्यायची, जमिनीलगत वाकायचं आणि धावेच्या जोरावर पलीकडे निघायचं, एवढाच उपाय लोकांनी आपापसांत शोधला होता.

त्या दिवशी धावेचा जोर पुरला नाही.

खिडकीशी उभ्या अक्काने ते आधी कानांनी ऐकलं. दोन ताल वेगळे झाले, आणि एकदम त्यातला एक सैरावैरा सुटला. पुढची चाकं घसरत होती. वाफ आखडल्याचं कळलं, मग पुन्हा जड, सावकाश फुत्कार. पुन्हा घसरण. पुन्हा फुत्कार, पण आता दोन फुत्कारांच्या मध्ये तिला एक अख्खा श्वास घेता येत होता. मग पुढचा आलाच नाही.

बोगद्याच्या तोंडातून धूर येत राहिला, पिवळट, दाट. अक्काने टेलिफोनचा दांडा गरागरा फिरवला आणि स्टेशनमास्तरांना सांगितलं, "आत अडकली." यापलीकडे तिला सांगण्यासारखं काही नव्हतं. एवढ्यात आतून तीन तुटक शिट्ट्या आल्या. मागे येतोय, गार्डने सांभाळावं, असा त्याचा अर्थ. तिसरी शिटी सुरू झाली आणि मध्येच विरली.

अक्काने रुळांचे सांधे यार्डाकडे लावले. हात आपोआप काम करत होते. मग गार्डचा डबा उलटा बाहेर आला. गार्ड दोन्ही हातांनी ब्रेकचं चाक धरून लोंबकळल्यासारखा उभा होता आणि त्याच्या गालांवरून काजळी वाहत होती. त्यामागे एकेक डबा, पाण्याने निथळणारा. इतका सावकाश, की अक्काला खाली धावत जाऊन तो ओढून काढावासा वाटला. केबिन सोडता येत नव्हती. गाडी रुळांवर असेपर्यंत केबिन सोडायची नसते. ती कठड्याला धरून उभी राहिली आणि डबे मोजायचंही तिला सुचलं नाही.

सगळ्यांत शेवटी इंजिन आलं. खिडकीतून धाकट्याचा हात बाहेर लोंबत होता.

माणसं धावली. धाकट्याला खाली काढला तेव्हा तो उलट्या करत होता, म्हणजे जिवंत होता. दोन्ही गोणपाटं त्याच्या डोक्याभोवती गुंडाळलेली होती, एकावर एक. बारक्या कोळशाच्या ढिगाला टेकून बसला होता. तोंड उघडं आणि उघड्या तोंडावर काहीच नव्हतं.

त्याला खाली उतरवायला चार माणसं लागली.

स्टेशनच्या कचेरीत चौकशी झाली. त्यासाठी सपाटीवरून एक इंजिनियर साहेब आले. मध्यम वयाचे, मऊ आवाजाचे. अक्काला वाटलं होतं, कुणीतरी दरडावणारा येईल, मग आपणही चार शब्द सुनावू. या माणसाने आधी तिला खुर्ची दिली. जबाब संपल्यावर अक्का उठली नाही.

"साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"इंजिन उलटं का नाही लावत? माणसं पुढं, धुराडं मागं. धूर मागच्या मागं जाईल. इथले सगळे हेच म्हणतात."

"इथे ते फिरवायला जागा नाही. फिरतं चक्र त्याच्या लांबीला पुरत नाही."

"खाली कारखान्यात आहे ना जागा? तिथून फिरवून पाठवा."

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला घेतला, अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि अर्धा उरलेला पेला हातात जरा तिरपा धरला.

"हा बॉयलर समजा. चढणीवर तो असा तिरका असतो. पाणी उताराच्या बाजूला गोळा होतं. बघा. आता आग आहे मागे, माणसांच्या बाजूला. त्या आगीवर नेहमी पाणी हवं. धुराडं वरच्या अंगाला असेल तर पाणी मागे येतं, आगीवर राहतं. इंजिन उलटं केलं तर आग वरच्या अंगाला जाईल आणि पाणी तिला सोडून खाली. वरचा पत्रा कोरडा पडला की लाल होतो. मग फुटतो." त्यांनी पेला खाली ठेवला. "एवढ्या उभ्या चढणीवर तो फुटेलच. आम्ही आकडेमोड केली आहे. मीच केली आहे."

"म्हणजे असं गेले तर गुदमरून, तसं गेले तर भाजून."

"हो," साहेब म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही. "बोगदा रुंद करायला लाइन बंद ठेवावी लागेल. ते कुणी करणार नाही. डिझेल इंजिनं मागवली आहेत. तोवर डबे कमी करू."

अक्का कचेरीतून बाहेर आली. रागवायला कुणीतरी हवं होतं, ते मिळालं असतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. या माणसावर रागावता येत नव्हतं. त्याच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

डबे कमी झाले. मग वरच्या बाजूला माल तुंबू लागला आणि एकेक करून ते पुन्हा वाढले. डिझेल आलं, ते साहेबांनी सांगितलं त्याहून पुष्कळ उशिरा. मग जुळ्या एकापाठोपाठ एक सपाटीवर ओढून नेल्या गेल्या आणि ज्या कारखान्यात त्या जोडल्या होत्या त्याच्याच मागच्या अंगणात कापल्या गेल्या. एक तेवढी रंग देऊन कुठल्याशा संग्रहालयात ठेवली आहे. तिथल्या पाटीवर तिचं वजन आहे, ताकद आहे, खिळीवर फिरणाऱ्या चाकांचं कौतुक आहे. पोरंटोरं तिच्या खिडकीत बसून फोटो काढतात. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा जुळ्या धडधाकट होत्या आणि चढणीवर गाडी ओढायला दुसरं काहीही नव्हतं.

धाकटा बरेच दिवस अंथरुणात होता. उठून बसला, चालू लागला, पण खोकला गेला नाही. बोलता बोलता मध्येच थांबे आणि पुढचा शब्द कुठून तरी ओढून आणावा तसा आणी. बारक्याचं नाव तो काढत नसे. अक्का शेडच्या फोरमनकडे गेली. वडिलांबरोबर काम केलेला माणूस तो.

"काका, त्याला यार्डातलं काहीतरी द्या. कोळसा मोजायला बसवा हवं तर."

"अगं, मला कळत नाही का? पण जुळ्या हाताळणारे उरलेत किती? एक बदलीवर गेला, एकानं नोकरीच सोडली. नवीन पोरगा बसवला तर तो पहिल्याच खेपेला आत अडकवेल. मग त्याच्या बहिणीला मी काय सांगू?"

ते बोलून फोरमन स्वतःच खजील झाला आणि समोरचे नट आवळायचे पाने उगाच इकडचे तिकडे करू लागला. अक्का परत आली.

घरी भावजय वाट बघत होती. दोन खोल्यांचं रेल्वेचं घर, बाहेरच्या खोलीत अक्का, आतल्या खोलीत ती दोघं. भावजय बोलण्यात मोकळी, हसरी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने अक्काला सासूसारखं मानलं नव्हतं, थोरल्या बहिणीसारखं मानलं होतं. ती जवळ आली आणि कुजबुजत म्हणाली,

"काय म्हणाले?"

अक्काने नकारार्थी मान हलवली.

"सोमवारपासून जायचं म्हणतात हे."

"हं."

"वन्सं, सिग्नल तुमच्या हातात आहे ना?"

"अगं, तो काय माझा आहे?"

"दांडा तुम्हीच ओढता. नका ओढू. सिग्नल पडला नाही तर गाडी आत कशी जाईल?"

"वर लाइन मोकळी असली की तो पाडावाच लागतो. माझी मर्जी नसते त्यात."

"मर्जी!" भावजय मागे सरली. "बरोबर आहे. तुमची नोकरी आहे."

तेव्हापासून तिने अक्काशी बोलणं टाकलं. ताट वाढी, पाणी ठेवी, दिवा लावी, पण तोंडातून शब्द नाही. त्या दोन खोल्यांत धाकट्याच्या खोकल्याशिवाय आवाज उरला नाही.

सोमवार उजाडला. नवा फायरमन किडकिडीत, घाबरलेला होता. अक्काने गोणपाटं भिजवून दिली. तिच्या हातून ती घेताना त्याने "ही कशाला?" असं विचारलं आणि धाकट्याने वरून सांगितलं, "घे. आत गेल्यावर कळेल." गाडी मागे मागे यार्डाच्या टोकाला गेली. वरच्या स्टेशनची घंटा आली. लाइन मोकळी.

अक्काने स्टेशनचा सिग्नल पाडला. मग तिने बोगद्याच्या सिग्नलच्या दांड्यावर हात ठेवला.

हात ठेवला, आणि तो तिथेच राहिला. तिने काही ठरवलं नव्हतं. खाली गाडी हलली, वेग घेऊ लागली, फुत्कार एकमेकांत मिसळू लागले, आणि दांडा जागचा हलला नाही. केबिनखालून इंजिन गेलं. धाकट्याने मान वर करून पाहिलं असावं. मग ब्रेकचा कर्कश आवाज आला, डब्यावर डबा आदळत गेला, आणि गाडी थांबली. इंजिन बोगद्याच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर, ऐन चढावर उभं होतं.

शिटी वाजली. पुन्हा वाजली. अक्काने दांडा धरूनच ठेवला. तिसऱ्यांदा शिटी वाजली नाही. त्याऐवजी धाकटा इंजिनातून उतरला आणि रुळांच्या कडेने चालत केबिनकडे येऊ लागला. अर्ध्या वाटेत थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून तो खोकला. मग आला. जिना चढायला त्याला बराच वेळ लागला.

"वर लाइन मोकळी नाही का?"

"आहे."

"मग?"

धाकट्याने माठातून पाणी घेतलं, प्यायला, आणि स्टुलावर बसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तिनं सांगितलं तुला?"

"मला कुणी सांगावं लागतं होय रे?"

"अक्का, इकडे ये. ही गाडी बघ. कुठे उभी आहे?"

"दिसतंय मला."

"चढावर उभी आहे. इथून आता ओढायची म्हटलं तर पुढची चाकं गरागरा फिरणार. कशीबशी हलली तरी रांगत आत जाणार." तो थांबला, श्वास गोळा केला. "खालच्या टोकापासून धाव घेतली की निम्मा बोगदा त्या धावेवरच निघतो. धाव गेली की आतला वेळ वाढतो. त्या दिवशी तेच झालं. आत शिरायच्या आधी कुठे तरी मी जरा हात आखडला, वाफ कमी सोडली."

अक्काने दांडा सोडला. हात कुठे ठेवावा ते तिला कळेना, तो तिने पदरात गुंडाळला.

"मला वाटलं, थांबवलं तर निदान..."

"थांबून भागलं असतं तर मीच नसतो का थांबलो?"

खालून गार्डने ओरडून विचारलं, "काय झालंय?" धाकटा कठड्याशी गेला आणि म्हणाला, "काही नाही, तार अडकली होती. होतंय आता. गाडी मागे घेतो." मग तो वळला.

"मग मी करू तरी काय?" अक्का म्हणाली. तिचा यार्डभर पोहोचणारा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

"सिग्नल लवकर दे. मी खालून हललो की दोन्ही दे. बोगद्याचा लांबून पडलेला दिसला की मी वाफ पूर्ण सोडतो. तो जरा जरी उशिरा पडला तरी माझा हात आखडतो."

"म्हणजे मीच तुला आत ढकलायचं."

"हं," धाकटा म्हणाला आणि लहानपणी हसे तसा ओठ मुडपून हसला. "जोरात ढकल."

गाडी मागे गेली. या खेपेला ती हलायच्या आधीच अक्काने दोन्ही दांडे ओढले. केबिनखालून इंजिन गेलं तेव्हा माठावरचं झाकण खाली पडलं. बोगद्याने गाडी गिळली. फुत्कार एक झाले, वेगळे झाले, एक झाले, वेगळे झाले, आणि त्यात कुठेही खंड पडला नाही. वरच्या स्टेशनची घंटा नेहमीपेक्षा लवकर वाजली. अक्का ती ऐकून स्टुलावर बसली.

संध्याकाळी ती घरी पोहोचली तेव्हा भावजय दारातच उभी होती. वस्तीत बातम्या रुळांपेक्षा वेगाने धावतात. तिने अक्काच्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं आणि चहा आणला. स्वतःचाही कप घेऊन ती अक्काच्या शेजारी जमिनीवर बसली. धाकटा आत आडवा झाला होता.

"गाडी थांबली होती म्हणे तुमच्या सिग्नलला."

"तार अडकली होती."

"असू दे, असू दे." भावजयीच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. कित्येक दिवसांनी. "तार तर तार. हेही तेच म्हणाले. मी काय कुणाला सांगत बसणार आहे?" तिने अक्काच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी तुम्हाला नको ते बोलले. डोकं जागेवर नव्हतं माझं. आज थांबवलीत, उद्या थांबवलीत, की वरच्यांना कळेल ना, की ही गाडी इथून जात नाही. मग काहीतरी करतीलच ते. होय ना?"

आतला खोकला थांबला होता. धाकटा ऐकत होता.

अक्काला तिला सगळं सांगायचं होतं. धाव म्हणजे काय, चढावर थांबलं की काय होतं, त्या साहेबांचा तिरका पेला. पण समोरचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता. ते सांगून झाल्यावर या पोरीजवळ धरायला काय उरलं असतं?

"उद्याही अडकेल ना हो तार?" भावजयीने हळूच विचारलं.

"जुनीच आहे ती," अक्का म्हणाली आणि कप तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर निघाली. दिवे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याच्या खोलीतून तिने तेलाची पिचकारी मागून घेतली. केबिनपासून बोगद्याच्या तोंडापर्यंत सिग्नलची तार रुळांच्या कडेने जात होती, आणि ठिकठिकाणी खुंट्यांवर बसवलेल्या छोट्या चाकांवरून सरकत होती.

"अक्का, माझं काम आहे हे," म्हातारा म्हणाला. "मी करतो की."

"नको. तुम्ही राहू द्या."

ती पहिल्या चाकाशी वाकली, गवत बाजूला केलं, गंज बोटाने खरवडला, तेल सोडलं आणि तार कुठे अडत नाही ना ते पुढेमागे ओढून पाहिलं. मग दुसऱ्याशी. मग तिसऱ्याशी. एकही चाक तिने सोडलं नाही. वस्तीच्या मागच्या बाजूला ती पोहोचली तेव्हा भावजय अंगणात कपडे वाळत घालत होती. तारेवर वाकलेली अक्का तिला दिसली, गवतातली पिचकारी दिसली नाही. तिने इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि हातातला ओला सदरा छातीशी धरून दुसरा हात उंच केला.

अक्कानेही हात वर केला. मग ती पुढच्या चाकाशी वाकली.